कोंडाळं मोडताना

हे पुस्तक हातात घेणाऱ्यांत काही जण असे असतील, की ज्यांच्या घरी रविवारची संध्याकाळ झाली की एका मुलाचं पोट दुखायला लागतं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. काही जणांना शाळेतून ‘जरा भेटून जा’ असा निरोप आला असेल आणि तिथं गेल्यावर कळलं असेल, की वर्गातल्या एका मुलाला रोज रडवणारे आपलेच चिरंजीव आहेत. काही शिक्षक असतील. ज्यांचं मूल ना कुणाला छळतं, ना कुणाकडून छळलं जातं, असे आईबाप मात्र हे पुस्तक विकत घेतील असं मला वाटत नाही. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ म्हणून ते दुकानातच परत खाली ठेवतील. आणि खरं सांगायचं तर ते सगळ्यात जास्त त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

का, ते सांगते.

१९९०च्या दशकात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावले, मुलांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन अडकवले आणि मधल्या सुट्टीत नेमकं काय चालतं ते पाहिलं. त्याआधीचं बहुतेक संशोधन मुलांना प्रश्नावली देऊन झालं होतं. कॅमेऱ्यात जे दिसलं त्याला आपण कोंडाळं म्हणू. एक मूल दुसऱ्याला त्रास देत असतं आणि दहातल्या जवळजवळ नऊ प्रसंगांत भोवती इतर मुलं उभी असतात. त्यांचा निम्म्याहून जास्त वेळ नुसतं पाहण्यात जातो. सुमारे पाचवा हिस्सा वेळ ती छळणाऱ्याच्या बाजूनं हात धुऊन घेतात. उरलेल्या वेळात कुणीतरी मध्ये पडतं. मैदानावर मोठ्या माणसांनी हस्तक्षेप केला तो शंभरातल्या चारच प्रसंगांत. बाकीचे त्यांच्या नजरेला पडलेच नाहीत, किंवा पडूनही त्यांना ती मस्ती वाटली. आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. बघ्यांपैकी एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद. ‘ए, सोड ना त्याला’ एवढं म्हणायला लागतात त्याहून थोडे जास्त.

म्हणून म्हणते, ज्यांच्या घरात तसलं काही नाही त्यांच्या घरातच ते आहे. शंभर मुलांच्या शाळेत छळणारी मोजकी असतात, छळली जाणारी मोजकी असतात, आणि उरलेली सगळी पाहत असतात. फिनलंडच्या क्रिस्टिना सालमिवाल्ली यांनी १९९६ साली या पाहणाऱ्यांचे प्रकार पाडून दाखवले: म्होरक्याला हात देणारे, हसून-ओरडून त्याला चेव आणणारे, बाजूला सरकणारे आणि सोसणाऱ्याच्या बाजूनं उभे राहणारे. पुढे त्यांच्या तुर्कू विद्यापीठानं ‘कीवा’ नावाचा कार्यक्रम बांधला आणि २००९पासून तो फिनलंडभरच्या शाळांत गेला. त्याचा रोख म्होरक्यावर कमी आणि त्याच्या प्रेक्षकांवर जास्त आहे. प्रेक्षक उठून गेले तर नाटक किती वेळ चालेल, असा त्यामागचा साधा हिशोब.

पण थोडं मागं जायला हवं, कारण छळ म्हणजे काय यावरच आपल्याकडे एकमत नाही. सगळ्याच भांडणांना छळ म्हणायला लागलो तर शाळेत पोलीसचौकी उघडावी लागेल. हा फरक नीट मांडला डॅन ओल्वेयस या स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काम केलेल्या मानसशास्त्रज्ञानं. १९७०च्या दशकापासून तो या विषयात होता, पण सरकारला जाग आली ती १९८२च्या अखेरीला, उत्तर नॉर्वेतल्या तीन शाळकरी मुलांनी आयुष्य संपवल्यावर. त्यामागं सोबत्यांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं. १९८३ साली देशभर मोहीम सुरू झाली आणि ओल्वेयसनं बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांवर अडीच वर्षं नजर ठेवून तिचा परिणाम मोजला. छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचं त्याला दिसलं. पुढं इतर देशांत इतकं घवघवीत यश फारसं कुणाला मिळालं नाही, हेही इथंच सांगून टाकते.

त्याची व्याख्या तीन गोष्टींवर उभी आहे. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि दोन बाजूंचं बळ सारखं नसतं. क्रिकेटच्या बॅटवरून दोन मित्र एकमेकांना लोळवतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच सायकलवरून येतात, ते भांडण. एकाच मुलाची चप्पल रोज छपरावर फेकली जाते आणि ती काढून मागायची त्याची हिंमत होत नाही, तो छळ. प्रश्न बॅटचा किंवा चपलेचा नसतो. फरक हिमतीत असतो, आणि हिंमत कुणाकडे किती आहे हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला पक्कं ठाऊक असतं.

नॉर्वेतल्या अभ्यासात बळ म्हणजे बहुधा वय, अंगातली ताकद किंवा टोळीतली संख्या. आपल्याकडची यादी वेगळी करावी लागते. जाड्या, ढापण्या, बुटक्या ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, ती असोत. पण आपल्या वर्गात आडनावालाही वजन असतं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं पोर धडा वाचायला उभं राहिलं की वर्गात खसखस पिकते, आणि कधी कधी बाईंच्याही ओठांवर हसू येतं. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांतून खासगी शाळेत आलेल्या मुलाला ‘आरटीईवाला’ असं नाव पडतं. ते मुलांनी ऑफिसच्या खिडकीपाशी ऐकलेलं असतं. मुलींत रमणाऱ्या, हळुवार बोलणाऱ्या मुलाला ‘बायल्या’ म्हणतात आणि त्याच्या बापालाही मनातून तेच वाटत असतं, म्हणून तो घरी सांगू शकत नाही. मुलीच्या स्कर्टवर पाळीचा डाग पडला तर ती गोष्ट शाळा सोडेपर्यंत तिचा पाठलाग करते. तोतरं बोलणाऱ्याच्या तोंडून मुद्दाम ‘प’चे शब्द वदवून घेतले जातात. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत तर शाळा सुटतच नाही; रात्रही त्याच मुलांबरोबर काढायची असते.

ही हत्यारं मुलांनी बनवलेली नाहीत. ती जेवणाच्या ताटावरून, लग्नाच्या बोलणीतून, सोसायटीच्या ग्रुपवरून त्यांच्या हातात आली आहेत. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ पाहिलेल्यांना शाळेजवळ डुकरं धरणारं जब्याचं कुटुंब आणि भोवती जमलेली, खिदळणारी वर्गातली मुलं आठवत असतील. पाहणाऱ्यांत जब्याला आवडणारी शालूही असते. मंजुळ्यांनी तिथं एक खलनायक उभा केला नाही, सगळा गाव उभा केला. बालमानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जे कोंडाळं मोजलं जातं, ते आपल्याकडे गावच्या गावाचं असतं. या विषयावरचं मराठी लेखन अनुवादित पुस्तकांच्या जोरावर चाललं आहे आणि त्यात जात जवळजवळ येतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. या पुस्तकात ती आली आहे, आणि ती शेवटच्या परिशिष्टात ढकललेली नाही.

आता, ‘आम्हीही चिडवून घेतलं, आम्हाला काय झालं?’ हा प्रश्न. पालकसभेत तो हमखास येतो, बहुधा बाबांच्या रांगेतून. त्याला उत्तर देणारा एक अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा तिथं आयुष्यभर मागोवा घेतला गेला. मुलं ७ आणि ११ वर्षांची असताना त्यांच्या पालकांना विचारलं होतं, की याला इतर मुलं त्रास देतात का. रयू ताकिझावा, बार्बरा मॉन आणि लुईज आर्सेनो यांनी २०१४ साली त्यांतल्या ७,७७१ जणांची पन्नाशीपर्यंतची माहिती मांडली. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य, चिंतेचे विकार आणि आत्महत्येचे विचार पन्नाशीपर्यंत जास्त आढळले. त्यांचा गोतावळा लहान होता, आपलं आयुष्य बरं चाललंय असं म्हणणारे त्यांच्यात कमी होते. घरची गरिबी आणि मुलाची बुद्धिमत्ता हिशोबात धरूनही हा फरक उरला. तेव्हा बाबांच्या रांगेला इतकंच सांगता येईल, की पुष्कळांना खरंच काही होत नाही, पण काहींना होतं ते चाळीस वर्षं पुरतं, आणि सातव्या वर्षी समोर उभं असलेलं मूल कुठल्या गटातलं हे ओळखायचं यंत्र कुणाकडे नाही.

शरीर मात्र लवकर बोलतं. इटलीच्या जियानलुका जिनी आणि तिझियाना पोत्सोली यांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१३ साली दाखवलं, की छळ सोसणाऱ्या मुलांत डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणं असल्या तक्रारी इतर मुलांच्या निदान दुप्पट असतात. हे ढोंग नसतं. पोट खरंच दुखतं. आमच्या अनुभवात याच्या जोडीला आणखी काही खुणा दिसतात, त्या कुठल्या तक्त्यात नसतात. मूल शाळेतून आल्याआल्या दप्तर टाकून आधी बाथरूमकडे धावतं, कारण दिवसभर ते शाळेच्या स्वच्छतागृहात गेलेलंच नसतं. तिथं कुणी मोठं माणूस नसतं. डबा जसाच्या तसा परत येतो, किंवा चाटूनपुसून रिकामा आणि तरी मूल भुकेलं. कंपासपेटी महिन्यात दोनदा हरवते. रिक्षाकाका चांगले असूनही रिक्षा बदलायची असते. यातल्या एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण दोनतीन जमल्या तर शांतपणे चौकशीला लागावं.

‘चौकशी’ म्हटलं की आपल्या घरात जे होतं ते होऊ नये, एवढंच. ‘कोण? कधी? तू काय केलंस? तू गप्प का बसलास?’ असा भडिमार झाला की मूल ‘काही नाही’ म्हणतं आणि विषय संपतो. मुलं घरी का सांगत नाहीत याची त्यांनी सांगितलेली कारणं फार व्यवहारी असतात. आई शाळेत जाऊन गेटवर तमाशा करील. बाबा म्हणतील, तू पण दोन ठेवून द्यायच्या होत्यास. मोबाइल काढून घेतील. हे तिसरं कारण आता सगळ्यात मोठं झालंय. इन्स्टाग्रामवर कुणी त्याचा फोटो विद्रूप करून फिरवला, तर गुन्हा दुसऱ्याचा आणि फोन जप्त याचा, हा न्याय पोरांना आधीच माहीत असतो. म्हणून या पुस्तकातला एक सल्ला सुरुवातीलाच सांगून ठेवते: ‘तू मला काहीही सांगितलंस तरी त्यासाठी तुझा फोन जाणार नाही’ हे वाक्य काही घडायच्या आधी म्हणून ठेवावं, आणि पाळावं.

बोलणं समोरासमोर बसून होत नाही. स्कूटरवर मागं बसलेलं मूल, भाजी निवडताना शेजारी बसलेली मुलगी जास्त बोलते, कारण नजर चुकवायची सोय असते. ‘आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास?’ हा प्रश्न ‘शाळेत काय झालं?’पेक्षा बरा. मूल बोललं की लगेच उपाय सांगायची घाई करू नये. आधी ऐकावं, मग विचारावं, ‘मी काय करावं असं तुला वाटतं?’ त्याचं म्हणणं सगळंच मानायचं असं नाही, पण आपण काय करणार आहोत ते त्याला आधी कळलं पाहिजे.

घराची ताकद कमी लेखू नये. ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात लूसी बोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० साली आढळलं, की छळ सोसूनही तग धरणाऱ्या मुलांच्या घरात आईची माया होती, घरातलं वातावरण धड होतं, आणि भावंडांचं आपसात बरं होतं. भावंडांचा उल्लेख मला विशेष वाटतो. मोठी ताई ‘चल, डबा आपण बरोबर खाऊ’ म्हणते तेव्हा ती उपचारच करत असते.

शाळेकडे जाताना कागद घेऊन जावा. कधी, कुठं, काय झालं, तेव्हा कोण कोण होतं, याची तारीखवार नोंद. ऑनलाइन प्रकार असेल तर स्क्रीनशॉट, आणि तो रागानं पुसून टाकण्याआधी काढलेला. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि दोन आठवड्यांत हालचाल दिसली नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. दुसऱ्या मुलाच्या आईबापांना गेटवर गाठू नये. तिथून पुढे ते भांडण दोन घरांचं होतं आणि मुलाचा प्रश्न बाजूला पडतो.

शाळेत गेल्यावर काय होतं? बहुतेक ठिकाणी दोघांना ऑफिसात बोलावतात, समोरासमोर उभं करतात, ‘सॉरी म्हण’, ‘हात मिळवा’, ‘आता दोस्त’. मुख्याध्यापकांना वाटतं मिटलं. बाहेर व्हरांड्यात काय होतं ते विचारायला कुणी जात नाही. भांडणात समेट चालतो, छळात चालत नाही. कारण तिथं समेटाला बसलेले दोघं सारखे नसतात. मारिया त्तोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ साली जगभरातल्या ४४ कार्यक्रमांच्या मूल्यमापनांचा एकत्र आढावा घेतला. असे कार्यक्रम राबवले तर छळ सरासरी पाचव्या हिश्शानं कमी होतो, असा त्यांचा निष्कर्ष. कशाचा उपयोग होतो? पालकांच्या सभा, मैदानावर मोठ्या माणसांची नजर, ठाम नियम, आणि हे सगळं महिनाभर नव्हे तर दीर्घकाळ. मुलांनाच मुलांचे तंटे मिटवायला बसवण्याच्या पद्धतींनी मात्र सोसणाऱ्याचा त्रास वाढलेला दिसला.

इथं चोखंदळ वाचक मला अडवेल. वर तुम्हीच म्हणालात, बघ्यांपैकी एक मूल पुढं झालं की दहा सेकंदांत काम होतं. आणि आता म्हणता, मुलांवर सोपवू नका. दोन्ही खरं आहे. ‘सोड त्याला’ म्हणणं वेगळं आणि न्यायाधीश होऊन बसणं वेगळं. शिवाय ‘सोड त्याला’ म्हणणारं मूल उद्या स्वतःच कोंडाळ्यात सापडू शकतं. ते धाडस त्यानं करावं असं वाटत असेल, तर त्याच्यामागं मोठं माणूस उभं आहे याची त्याला खात्री हवी. जिथं शिक्षक स्वतःच टोपणनावांनी हाका मारतात, तिथं ती खात्री येणार कुठून? आणि मूल थेट मध्ये पडलं नाही तरी बरंच काही करू शकतं: हसायचं नाही, व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही, नंतर जाऊन त्याच्या शेजारी बसायचं, बाईंना सांगायचं. चहाडी आणि मदत मागणं यांतला फरक मुलांना पहिलीपासून सांगावा लागतो. आपण मात्र ‘चुगल्या करू नकोस’ एवढंच शिकवतो.

एक गोष्ट शाळांनी तपासून पाहावी. तक्रार आल्यावर बाक बदलला तो कुणाचा? तुकडी बदलली ती कुणाची? मैदानावर जायचं बंद झालं ते कुणाचं? जवळजवळ नेहमी सोसणाऱ्याचं. त्याच्या सुरक्षेसाठीच ते केलेलं असतं, पण वर्गाला निकाल कळतो तो उलटा.

आता मदत कुणी करायची, हा प्रश्न. याचं उत्तर देणारा सगळ्यात चांगला भारतीय अभ्यास मला माहीत आहे तो आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माणसांनी केलेला, पण बिहारमध्ये. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा प्रयोग केला. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. शाळांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटात नेहमीचाच सरकारी कार्यक्रम. दुसऱ्यात तो आणि शिवाय शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडं सोपवलेलं काम. तिसऱ्यात तेच काम, पण बाहेरून नेमलेल्या एका तरुण समुपदेशकाकडं. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते; स्थानिक, शिकलेले, प्रशिक्षण दिलेले. काम काय? शाळेत समिती, भित्तिपत्रक, सगळ्यांसाठी चर्चा आणि स्पर्धा, मुलांचे गट, नाव न घालता प्रश्न टाकायची पत्रपेटी, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकांतात बोलणं. म्हणजे उपचार थोडा आणि शाळेची हवा बदलणं जास्त.

वर्षअखेरीला नववीच्या मुलांना विचारलं तेव्हा समुपदेशक असलेल्या शाळांतलं वातावरण ठळकपणे सुधारलं होतं. छळ, मारहाण आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली होती. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत आणि काहीच जादा न केलेल्या शाळांत जवळजवळ फरक नव्हता. दुसऱ्या वर्षी समुपदेशक असलेल्या शाळांतला परिणाम आणखी वाढला.

हा निकाल वाचून शिक्षकांना बोल लावायचा मोह होतो, तो टाळावा. जनगणना, निवडणूक, शालेय पोषण आहाराचे हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं उरकून शिक्षकानं नववीच्या मुलाचं मनही सांभाळावं, ही अपेक्षाच बेताल आहे. पण माझ्या मते वेळेचा प्रश्न अर्धाच आहे. जो गुण देतो, हजेरी घेतो आणि उद्या घरी निरोप पाठवू शकतो, त्याच्यापुढं मूल मोकळं होत नाही. मुलाला असं माणूस हवं असतं, की जे शाळेतलं आहे पण निकालपत्रावर ज्याची सही नाही.

महाराष्ट्रात कागद कमी नाहीत. शाळाशाळांत तक्रारपेट्या आहेत. २०२२ सालापासून सखी सावित्री समित्या आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभर लागू होणारे निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी बांधून घ्यावं, मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, असं त्यात आहे. पण तक्रारपेटी कुठं टांगली आहे ते पाहा. बहुधा मुख्याध्यापकांच्या दारासमोर, जिथं चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. किल्ली शिपायाकडं. नालंदातल्या पेटीत आणि या पेटीत पत्रा सारखाच. पेटी उघडणारं, चिठ्ठी वाचून आठवडाभरात वर्गात काहीतरी करणारं माणूस तेवढं तिथं होतं.

जिथं समुपदेशक आहेत तिथंही त्यांची खोली ‘बिघडलेल्यांची खोली’ होऊन बसते. वात्रट मुलाला शिक्षा म्हणून तिकडं पाठवतात. मग ज्याला खरंच बोलायचंय ते मूल त्या दारासमोरूनही जात नाही. समुपदेशकानं खोलीत कमी आणि मैदानावर, जिन्यात, डब्याच्या वेळी वर्गात जास्त दिसावं, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

ज्यांचं मूल छळणारं निघालं त्या आईबापांसाठी एक स्वतंत्र भाग आहे. तो वाचायला अवघड जाईल. पहिली प्रतिक्रिया ‘माझा मुलगा असं करणार नाही’, दुसरी घरी नेऊन चोप देणं. दोन्हींतून मूल एकच शिकतं: ज्याचं बळ जास्त त्याचं चालतं. विल्यम कोपलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,४२० मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला, त्यात सगळ्यात वाईट अवस्था आढळली ती स्वतः छळ सोसून दुसऱ्याला छळणाऱ्यांची. घरात मार खाणारं, मोठ्या मुलांकडून लुबाडलं जाणारं पोर आपल्याहून लहान पोर शोधतं, हे आपण पाहतोच. त्याला जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारून झाल्यावर त्याच्याशी कुणीतरी बोलायलाही हवं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. तो महाविद्यालयांपुरता आहे अशी समजूत आहे, पण त्यातल्या शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृहं आणि शिकवणी वर्गही येतात, आणि लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. छळाला लैंगिक अंग असेल तर पॉक्सो कायद्यानं ते कळवणं ऐच्छिक राहत नाही. शाळेत ‘आपसात मिटवू’ म्हणणारा स्वतःच गुन्हा करतो. एरवी लहान मुलांच्या बाबतीत पोलीस ठाणं ही शेवटची पायरी असावी, असं माझं मत आहे.

मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं, लिहिलं, स्वतःला इजा करू लागलं, तर या पुस्तकाची पानं चाळत बसू नये. ते सहज बोललं असेल असं धरून चालू नये. त्याला एकटं सोडू नये, थेट आणि शांतपणे विचारावं; विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडं किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जावं. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारनं तो ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केला. मुलांना स्वतः लावता येईल असा क्रमांक १०९८. तो १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाला आणि रस्त्यावरच्या मुलांना पाठ व्हावा म्हणून सोपा ठेवला होता. तुमच्या मुलाला तो पाठ आहे का, हे आज विचारून पाहा.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. ते शिक्षक, समुपदेशक आणि पालकांच्या एका गटानं मिळून लिहिलं आहे, त्यामुळं आवाज एकसारखा नाही. आम्ही तो एकसारखा करायचा प्रयत्नही केला नाही. प्रसंग खरे आहेत, पण ओळख पटू नये म्हणून गावं, इयत्ता, कधी मुलगा-मुलगीही बदलली आहे. वसतिगृहांवरचं प्रकरण सगळ्यात लांब आहे, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलंय. खासगी शिकवण्यांवरचं अपुरं आहे, ते पुढच्या आवृत्तीत वाढवू. घाईत असलेल्यांनी थेट चौथं प्रकरण उघडावं. पहिल्या आठवड्यात काय करायचं ते तिथं आहे. शेवटी मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा नमुना आणि तारीखवार नोंदीचा कोरा तक्ता दिला आहे. त्या दोन पानांची झेरॉक्स काढून वाटायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.